घड लागण्याआधी: ख्रिस्ती विश्वासातला टिकणारा आनंद आणि त्याची रोजची रीत

मार्चअखेर द्राक्षाचा माल निघाला की नाशिककडच्या दिंडोरी, निफाड, पिंपळगावच्या बागांत खरड छाटणी सुरू होते. ओलांड्यावर, म्हणजे वेलीच्या आडव्या फांदीवर, एक-दोन डोळे ठेवून अख्खी काडी कापून टाकतात. रस्त्याने जाणाऱ्या नवख्याला वाटावं, बाग मोडली. पण पुढच्या जानेवारी-फेब्रुवारीत जो घड उतरवायचा तो याच उन्हाळ्यात, नव्या फुटीच्या डोळ्यात, छाटणीनंतर साधारण ४० ते ६० दिवसांत धरलेला असतो. तेव्हा तो दिसत नाही. ऑक्टोबरच्या गोडी छाटणीनंतर डोळा फुटतो तेव्हाच कळतं, आत घड होता की नुसती बाळी, म्हणजे फळ न धरणारा तंतू.

येशूने आनंदाविषयी सगळ्यात थेट सांगितलं ते द्राक्षवेलीच्या बोलण्यात, योहानाच्या शुभवर्तमानाच्या १५व्या अध्यायात. तिथला क्रम नीट पाहा. पहिल्या वचनात माळी येतो, दुसऱ्यात छाटणी, चार ते दहामध्ये ‘माझ्यामध्ये राहा’ हे परत परत, आणि मग अकराव्यात: ‘माझा आनंद तुमच्यामध्ये असावा व तुमचा आनंद परिपूर्ण व्हावा म्हणून मी तुम्हांला ह्या गोष्टी सांगितल्या आहेत.’ आनंद शेवटी आहे. गलतीकरांस पत्रात (५:२२) प्रेषित पौलानेही तो पवित्र आत्म्याच्या फळात धरला आहे. फळ ओढून काढता येत नाही. आपल्या हातात एवढंच, की फांदी वेलीला लागून ठेवायची, माळ्याला छाटू द्यायचं आणि घड कशाने जिरतो, म्हणजे दिसूनही नाहीसा होतो, ते ओळखून त्याची वेळीच काळजी घ्यायची. पुढे जे लिहिलं आहे ते या तीन कामांबद्दल.

त्याआधी एक अडचण. बऱ्याच जुन्या ख्रिस्ती घरांत आनंदाकडे थोडं संशयाने पाहतात. उपासनेला जायचं, अर्पण टाकायचं, मुलांना शब्बाथ शाळेत, म्हणजे रविवारच्या बायबल वर्गाला, पाठवायचं, हे सगळं कर्तव्य म्हणून चोख होतं. पण देव आवडतो का, असं कुणी विचारलं तर माणूस गडबडतो. पवित्र शास्त्र मात्र या बाबतीत अजिबात संकोच करत नाही. ‘तुझ्या सान्निध्यात पूर्णानंद आहे’ असं १६वं स्तोत्र म्हणतं. ‘प्रभूमध्ये सर्वदा आनंद करा, पुन्हा म्हणेन, आनंद करा’ ही फिलिप्पैकरांस पत्रातली (४:४) चक्क आज्ञा आहे, आणि ती लिहिणारा पौल त्या वेळी बंदिवासात होता. देवाची तक्रार लोक फार सुख शोधतात अशी नाही. यिर्मयाच्या दुसऱ्या अध्यायात तो म्हणतो, जिवंत पाण्याचा झरा सोडून माझ्या लोकांनी फुटके हौद खणले. तेव्हा आनंदाची हाव धरा, बिनधास्त धरा. फक्त कुठे जाऊन धरायची ते ठरवा.

पहिले सहा आठवडे

रोज वीस मिनिटं काढा. सुरुवातीला याहून जास्त नको. तासभर बसायचा संकल्प चौथ्या दिवशी मोडतो आणि मग अपराधी वाटून पुढचा महिना काहीच होत नाही. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत पहिल्या पाळीला जाणाऱ्याने निघण्याआधीची वीस मिनिटं धरावीत. दुसऱ्या पाळीवाल्याने मुलं शाळेत गेल्यावर बसावं. रात्रपाळी करून आलेल्याने आल्या आल्या बसू नये, डोळे मिटतात. झोपून उठल्यावर, चहाच्या आधी बसावं. वेळ कुठलीही चालेल, पण ती ठरलेली हवी आणि जागाही एकच हवी. घरात गर्दी असेल तर गच्ची किंवा जिन्याची पायरीही चालते.

मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवा. बायबलचं ॲप वाईट नाही, पण वाचता वाचता वर नोटिफिकेशन सरकतं आणि तीन मिनिटांनी आपण कांद्याचा भाव पाहत असतो. छापील प्रत घ्या. मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, बहुधा बायबल सोसायटीचं पवित्र शास्त्र असतं. त्याची भाषा जड वाटली तर सोप्या मराठीतलं भाषांतर शेजारी ठेवा.

वीस मिनिटांची वाटणी अशी: दोन मिनिटं गप्प बसणं, आठ मिनिटं वाचन, सात मिनिटं प्रार्थना, तीन मिनिटं वही. पहिले तीन आठवडे योहानाचं शुभवर्तमान, रोज एक अध्याय. अध्याय २१ आहेत, बरोबर बसतात. सहावा अध्याय ७१ वचनांचा आहे, तो आठ मिनिटांत होणार नाही. त्या दिवशी वही सोडून द्या. चौथ्या आठवड्यात फिलिप्पैकरांस पत्र. चारच अध्याय आहेत. सोमवार ते गुरुवार रोज एक, शुक्रवार-शनिवारी दुसरा आणि चौथा पुन्हा, आणि रविवारी दुपारी सगळं पत्र एका बैठकीत मोठ्याने. पाव तास लागतो. पाचव्या-सहाव्या आठवड्यात रविवार सोडून बारा दिवस बारा स्तोत्रं: ४, १३, १६, २३, २७, ३०, ३४, ४२, ५१, ६३, ८४, १०३.

वर्षभरात अख्खं बायबल वाचायची योजना आत्ता नको. उत्पत्ती जोरात होतं, निर्गमाच्या २५व्या अध्यायापासून निवासमंडपाची मापं सुरू होतात, लेवीयापर्यंत पोहोचता पोहोचता फेब्रुवारी उजाडतो आणि बायबल कपाटावर जातं. दरवर्षी हेच होतं. ती योजना दुसऱ्या वर्षी करा.

वाचायचं मोठ्याने, निदान ओठ हलवून. एकदा सलग वाचा, मग जिथे मन अडकलं तिथे परत या. त्या वचनापाशी पहिला प्रश्न असा विचारा: यात देवाबद्दल असं काय आहे की ज्याने मला बरं वाटावं? मी काय करायला हवं हा प्रश्न नंतर. उलट क्रमाने वाचणं ही सगळ्यात मोठी चूक आहे, आणि ती सज्जन, कष्टाळू माणसंच जास्त करतात. त्यांना प्रत्येक पानावर हुकूम दिसतो. काना गावच्या लग्नाची गोष्ट (योहान २) वाचून ते ‘चाकरांनी आज्ञा पाळली, आपणही पाळावी’ एवढंच घेऊन उठतात. पण तिथे दगडी रांजण सहा होते, एकेकात दोन-तीन मण पाणी मावत होतं, आणि ते सगळं उत्तम द्राक्षारस झालं. आजच्या मापात चार-पाचशे लिटरच्या पुढे. लग्नघराची लाज राखायला एवढ्याची गरज नव्हती. देव असा सढळ आहे, हे आधी लक्षात येऊ द्या, त्यात दोन मिनिटं रमा.

एक दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दोन अध्याय करू नका. चुकलेला सोडून द्या, आजचा वाचा. बाकी ठेवून फेडायचं हे कर्ज नव्हे.

प्रार्थनेत तक्रार कशी करायची

आभार मानायला सगळे शिकवतात. गाऱ्हाणं मांडायला फार कमी मंडळी शिकवतात, आणि खरा आनंद तिथेच अडून राहतो. जी गोष्ट देवापुढे बोलली जात नाही ती आत साचते, आणि वरवरच्या ‘प्रभूची स्तुती असो’ने ती हलत नाही. स्तोत्रसंहितेतली कितीतरी स्तोत्रं गाऱ्हाण्याचीच आहेत.

१३वं स्तोत्र उघडा. सहाच वचनं आहेत आणि साचा स्वच्छ दिसतो. पहिल्या दोन वचनांत तक्रार, तीही ‘किती वेळ’ असं चारदा विचारून. तीन-चारमध्ये नेमकी मागणी. पाच-सहामध्ये भरवसा. यावर आपली प्रार्थना बेतायची. कंत्राट संपलेल्या कामगाराची ती अशी होईल:

‘प्रभो, तीन महिने झाले, गेटवरून परत येतो. किती वेळ हे चालणार? बायकोच्या भावाकडून पैसे घेतलेत, त्याच्यासमोर मान वर होत नाही. तू बघतोस की नाही तेच कळेनासं झालंय. या महिन्यात काम दे. ते होईपर्यंत घरात मी तिरसटासारखा बोलतो ते थांबव, पोरगी घाबरते. तू मला याआधी सोडलं नाहीस. मला वाटत नसलं तरी तुझी दया खरी आहे एवढं धरून बसलोय.’

यात सजवलेलं काही नाही, ‘हे सर्वसमर्थ कृपाळू स्वर्गीय पित्या’ अशी लांबलचक सुरुवात नाही. मागणी इतकी नेमकी आहे की ती पुरी झाली तर कळेल. आणि शेवटचं वाक्य भावना नसताना म्हटलेलं आहे. ते खोटं ठरत नाही; स्तोत्रकर्तासुद्धा पहिल्या वचनात विसरला गेलेला आहे आणि सहाव्यात गातो आहे, मधल्या चार वचनांत त्याची परिस्थिती बदललेली दिसत नाही. मात्र पाच-सहा नंबरचा भाग गिळू नका. रोज नुसती तक्रार करून उठलं की महिन्याभरात माणूस अधिक कडवट होतो.

वही

साधी दोनशे पानी वही घ्या. रोज तीन ओळी, आज देवाच्या हातून काय मिळालं ते. अट एकच, गोष्ट इतकी बारीक हवी की ती कालच्या पानावर खपली नसती. ‘कुटुंबाबद्दल, आरोग्याबद्दल, अन्नाबद्दल आभार’ हे आठवडाभर लिहिलं की मन त्यातून उठून जातं. ‘आईने आज दोन पोळ्या खाल्ल्या. पंपावर रांग नव्हती. सासूबाईंनी कालचा विषय पुन्हा काढला नाही, तुझी कृपा.’ असं लिहा. सहा आठवडे झाले की मागची पानं सलग वाचून काढा. वाईट गेलेला महिना आपण समजत होतो तेवढा रिकामा नव्हता, हे आपल्याच अक्षरात सापडतं.

छाटणी

सगळं चाललंय, वाचन होतंय, प्रार्थना होते, तरी आतून कोरडं वाटतं, अशी वेळ आली की आधी या बाजूला पाहा. ३२व्या स्तोत्रात दावीद म्हणतो की पाप दाबून गप्प राहिलो तोवर हाडं झिजत गेली. ५१व्या स्तोत्रात तो ‘तू आपल्या उद्धाराचा आनंद मला पुन्हा होऊ दे’ असं मागतो. म्हणजे तारण गेलेलं नव्हतं, त्याचा आनंद गेला होता.

शनिवारी संध्याकाळी पंधरा मिनिटं यासाठी ठेवा. कागदावर लिहा आणि नंतर फाडा. ‘मी पापी आहे’ हे लिहू नका, ते सगळ्यांनाच लागू आहे आणि कुणालाच टोचत नाही. काय केलं, कुणाशी, कधी, ते लिहा. बांध हातभर सरकवला. बिल न देता माल विकला. भावाच्या वाटणीचा कागद दाबून ठेवला. रात्री एकट्याने मोबाइलवर जे पाहिलं ते. आजारी नसताना आजारपणाची रजा. मग योहानाच्या पहिल्या पत्रातलं १:९ वाचा, क्षमा मागा आणि क्षमा झाली असं धरून चाला. तेच पाप पुढच्या शनिवारी पुन्हा कबूल करायचं नाही, पुन्हा केलं असेल तरच.

पण इथे थांबलं तर निम्मंच काम होतं. जकातदार जक्कयाने (लूक १९:८) अर्धी मालमत्ता गरिबांना दिली आणि ज्याचं फसवून घेतलं त्याला चौपट परत करायचं ठरवलं, आणि त्यानंतर येशू म्हणाला की आज या घराला तारण प्राप्त झालं. परत देण्यासारखं जे आहे ते परत द्या. पैसे असतील तर पैसे, नाव खराब केलं असेल तर ज्यांच्यासमोर केलं त्यांच्यासमोरच सुधारा. एकरकमी जमत नसेल तर हप्ते ठरवा आणि समोरच्याला तारीख सांगा. याने जो हलकेपणा येतो तो प्रवचन ऐकून येत नाही.

कॅथलिक असाल तर फादरांकडे पापनिवेदनाला जा. वर्षातून एकदा नाताळ-ईस्टरच्या गर्दीत उरकण्यापेक्षा महिन्यातून एकदा, शांत वेळ विचारून. प्रॉटेस्टंट मंडळीत याकोबाचं ५:१६ वाचलं जातं पण पाळलं जात नाही. एक माणूस निवडा: पुरुषाने पुरुष, बाईने बाई, वयाने किंवा विश्वासाने मोठं, नात्यातलं नको, देण्याघेण्याचा व्यवहार असलेलं नको, आणि दुसऱ्यांची गुपितं तुम्हाला सांगणारं तर मुळीच नको. कॉटेज प्रेअरमध्ये, म्हणजे घरोघरच्या प्रार्थनासभेत, सगळ्यांसमोर साक्ष देताना हे बोलायचं नसतं. तिथे बोललेलं दुसऱ्या दिवशी कॉलनीत पोहोचतं.

मंडळी

फांदी एकटी फळत नाही. नाशिकला ख्रिस्ती मंडळी काही नवी नाही. शरणपूरची वस्ती १८५०च्या दशकात चर्च मिशनरी सोसायटीने वसवली, आणि गुलामगिरीतून सोडवलेली आफ्रिकन मुलंही तिथे राहून शिकली. घरदार तुटलेल्या लोकांनी एकत्र राहून उभी केलेली ही परंपरा आहे. आज शरणपूर रोड, नाशिक रोड, उपनगरं, सगळीकडे वेगवेगळ्या पंथांची प्रार्थनास्थळं आहेत. एक निवडा आणि सलग सहा रविवार तिथेच जा. दर आठवड्याला नवं चर्च, नवा वक्ता असं फिरणाऱ्याला चव कळते, पोषण मिळत नाही.

निवडताना गाण्याचा आवाज आणि साउंड सिस्टिम बघू नका. प्रवचनात ख्रिस्ताचं मरण आणि पुनरुत्थान येतं का, की पास्टरचे चमत्कारच येतात? वर्षाचा हिशेब सभासदांना कळतो का? फाटक्या कपड्यातला माणूस आला तर त्याला पुढे बसवतात का? याकोबाच्या दुसऱ्या अध्यायात नेमकं हेच विचारलं आहे. आणि जिथे ‘एवढं बी पेरा, इतक्या पटीने मिळेल’ असा दर लावला जातो, औषधं बंद करायला सांगतात किंवा घरच्यांशी संबंध तोडायला सांगतात, तिथून निघा, दुसऱ्यांदा विचार करू नका.

ख्रिस्ती नसलेल्या वाचकानेही खुशाल मागच्या बाकावर जाऊन बसावं. कुणी हटकत नाही. प्रभुभोजनाच्या वेळी किंवा मिस्सात लोक पुढे जातात तेव्हा जागेवर बसून राहिलं तर चालतं, तेच योग्य. नाशिक रोडच्या बाल येशू मंदिरात फेब्रुवारीच्या यात्रेला तुफान गर्दी असते. शांतपणे बसायचं असेल तर एरवीच्या दिवशी दुपारी जा.

गाणं

याबद्दल जरा जास्त लिहायला हवं, कारण मराठी ख्रिस्ती माणसाकडे ही ठेव आयती आहे आणि नवी पिढी ती हिंदी-इंग्रजी गाण्यांच्या नादात हातची घालवते आहे. कवी नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतल्यावर ख्रिस्ताची भक्ती ओवी-अभंगांत आणली. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई नाशिकजवळच्या जलालपूरच्या. टिळकांची पदं ‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहात आहेत आणि टाळ, पेटी, तबल्यावर अजून गायली जातात.

दोन गाणी तोंडपाठ करा, सगळी कडवी. एक आभाराचं, एक संकटातलं. रोज एक कडवं, आठवडाभरात गाणं येतं. मंडळीतल्या एखाद्या आजीकडून चाल शिका, यूट्यूबवर चाली बदललेल्या असतात. मग भांडी घासताना, स्कूटरवर हेल्मेटच्या आत, मिळेल तिथे गा. पौल आणि सीला फिलिप्पैच्या तुरुंगात, फटके खाल्लेल्या पाठीने, पाय खोड्यात असताना मध्यरात्री गात होते (प्रेषितांची कृत्ये १६:२५). मन नसतानाही गाता येतं, हा गाण्याचा मोठा उपयोग आहे: प्रार्थनेला स्वतःचे शब्द लागतात आणि वाईट दिवशी ते सुचत नाहीत, गाण्यात ते आधीच ठेवलेले असतात. रविवारी आपला आवाज फुटत नसेल तर शेजारचा गातो, आपण उभं राहायचं.

रोजची सुखं, उपास आणि हात सैल सोडणं

मिसळ, हुरडा, गंगापूरच्या धरणावरचा वारा, नवराबायकोचं प्रेम, झोप, ही सगळी देवाचीच देणगी. आभार मानून घेतलेलं काही टाकाऊ नाही, असं तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात (४:४) स्पष्ट आहे. कोणतं सुख कह्यात आहे आणि कोणतं डोक्यावर बसलंय हे तपासायला दोन गोष्टी करा. ते घेताना देवाचं नाव घेऊन आभार मानता येतात का बघा. आणि आठवडाभर ते सोडून बघा. घरच्यांवर चिडचिड सुरू झाली तर उत्तर मिळालं. मोबाइलच्या बाबतीत बहुतेकांना ते दुसऱ्याच दिवशी मिळतं. वाइनचं शहर म्हणवणाऱ्या गावात दारूबद्दलही बोलायला हवं: मंडळ्यांची मतं वेगळी आहेत, पण घरात एकाचंही पिणं आवाक्याबाहेर गेलं असेल तर सगळ्यांनीच बाटली घराबाहेर ठेवावी.

उपास शुक्रवारी दुपारच्या जेवणापासून सुरू करा, एकच जेवण. पाणी प्या, जेवणाच्या सुट्टीत २२वं किंवा ६३वं स्तोत्र वाचा, वाचलेले पैसे त्याच दिवशी कुणाला तरी द्या. यशयाच्या ५८व्या अध्यायात देवाला हवा तो उपास भुकेल्याशी अन्न वाटून खाण्याचाच आहे. साबुदाण्याची खिचडी खाऊन केलेला इथे चालत नाही. मधुमेह असलेल्यांनी, गरोदर बायकांनी, औषधं चालू असणाऱ्यांनी जेवण सोडू नये. त्यांनी टीव्ही किंवा चहा सोडावा. ईस्टरआधीच्या उपवासकाळाचे, रविवार वगळून, ४० दिवस हे शिकायला उत्तम.

देणं पगाराच्या दिवशी ठरवा, महिनाअखेर उरलेल्यातून नको; उरत नाही. करिंथकरांस दुसऱ्या पत्रात (९:७) मनात ठरवल्याप्रमाणे, खुशीने द्या असं आहे. वीस हजार पगार आणि डोक्यावर हप्ते असतील तर चारशेपासून सुरू करा, दर सहा महिन्यांनी थोडं वाढवा. दशांश पुढे येईल. कर्ज काढून अर्पण देऊ नका. त्यातला काही भाग मंडळीला आणि काही थेट एखाद्या माणसाला द्या: कुणाची फी, कुणाची औषधं. नाव कळू देऊ नका. पैसे नसतील तर वेळ द्या. सिव्हिलमध्ये भरती असलेल्याच्या नातेवाइकाला डबा नेऊन द्या, पंधरा मिनिटं बसा, उपदेश करू नका, त्याने सांगितलं तर प्रार्थना करा.

घड जिरतो तेव्हा

डोळा फुटतो, घड दिसतो, आणि ढगाळ हवेत, काडीत अन्नसाठा कमी पडला की त्याची बाळी होते. विश्वासातही असे दिवस येतात. तेव्हा कारण शोधायचा क्रम असा ठेवा: आधी शरीर, मग माणसं, मग पाप. लोक नेमका उलटा क्रम लावतात आणि दमलेल्या माणसाला पश्चात्तापाला बसवतात.

राजे पहिल्या पुस्तकाचा १९वा अध्याय बघा. संदेष्टा एलीया झुडपाखाली मरण मागत होता. देवदूताने त्याला रागावलं नाही. भाकर आणि पाणी दिलं, झोपू दिलं, उठवून पुन्हा खायला दिलं. देवाचं बोलणं त्यानंतर, होरेब डोंगरावर. म्हणून आधी आठवडाभर झोप पुरी करा. रक्त तपासून घ्या. हिमोग्लोबिन कमी असेल, थायरॉइड बिघडलं असेल तरी सगळं बेचव लागतं. दोन आठवड्यांहून जास्त मन उदास आहे, झोप-भूक बदलली आहे, कशातच रस नाही, असं असेल तर मानसोपचारतज्ज्ञाकडे जा. जगू नये असं वाटत असेल तर दोन आठवडे थांबायचं नाही, त्याच दिवशी जवळच्या माणसाला सांगा. सरकारची टेली-मानस सेवा १४४१६ या नंबरवर फुकट आहे, मराठीतही बोलता येतं. गोळी घेणं हा अविश्वास नाही. ताप आल्यावर घेतोच ना?

मग माणसं: कुणाशी बोलणं बंद आहे, कुणाच्या घराशी तुलना चालू आहे. मग पाप, वर सांगितल्याप्रमाणे. तिन्ही पाहून काहीच सापडत नसेल तर रोजची रीत निम्मी करा, सोडू मात्र नका: दहा मिनिटं, ४२वं स्तोत्र, आणि त्यातलं ‘हे माझ्या जिवा, तू का खिन्न झालास?’ हे स्वतःच्या जिवाला मोठ्याने विचारा. त्याहून अंधार असेल तर ८८वं. ते शेवटपर्यंत उजळत नाही, आणि तरी ते पवित्र शास्त्रात आहे.

फेब्रुवारी-मार्चमध्ये गारपीट होते, तोंडाशी आलेला माल मातीत जातो. त्या घरी जाऊन ‘सर्वदा आनंद करा’ म्हणू नये. रोमकरांस पत्र (१२:१५) रडणाऱ्यांबरोबर रडायला सांगतं; आधी पंचनाम्याचे कागद भरायला हात लावा. हबक्कूकाच्या तिसऱ्या अध्यायाचा शेवट, द्राक्षवेलीला फळ नाही, शेतात धान्य नाही, गोठ्यात जनावर नाही, तरीही मी परमेश्वराच्या ठायी हर्ष करीन, हे वचन त्या शेतकऱ्याने स्वतः म्हणायचं असतं. दुसऱ्याने त्याच्या तोंडात घालायचं नसतं. तो तयार झाला तर त्याच्याबरोबर वाचा.

तीन महिन्यांनी

आनंद वाढला का हे स्वतःला विचारू नका, त्या दिवशीच्या मूडप्रमाणे उत्तर येतं. घरातल्या एकाला विचारा: मी पूर्वीपेक्षा कमी ओरडतो का? वाईट बातमी आली की आधी काय करतो? दुसऱ्याचं चांगलं झालं तर माझा चेहरा कसा होतो? उत्तर ऐकून सफाई देऊ नका, वहीत लिहून ठेवा. काहीच फरक नाही असं म्हणाले तर शनिवारची पंधरा मिनिटं खरंच होतात का ते आधी तपासा; बहुतेकदा तीच गळालेली असतात. फरक दिसत असेल तर वेळ वीसची तीस मिनिटं करा आणि पुढे लूकचं शुभवर्तमान घ्या. २४ अध्याय आहेत, पण लांब आहेत. पहिला एकटाच ८० वचनांचा आहे, तो दोन दिवसांत वाचा.